कप्तानांच्या जहाजाचे दोर

माझी मावशी टोप विणायची. औषधांनी, आजारपणानं ज्यांचे केस गळायचे अशा बायका तिच्याकडे यायच्या. चष्म्याच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून वर गेलं की डाव्या हाताला तिची खोली. दारावर पाटी नव्हती. आपण कुठे शिरतोय हे कुणी वाचू नये असंच येणाऱ्या बायकांना वाटायचं. खिडकीशी टेबल, टेबलावर लाकडी डोकं, त्यावर ताणून बसवलेली बारीक जाळी, आणि बारीकशा आकडीनं त्या जाळीत एकेक केस ओवून गाठ मारत बसलेली मावशी. एका टोपाला दोन-तीन महिने सहज जायचे.

तिनं लग्न केलं नाही. आई, मी आणि ती, आम्ही तिघी एकत्र राहायचो. आई तिची थोरली बहीण आणि जिभेला हाड नसलेली. "हिला दिवसभर लोकांच्या डोक्यात शिरायची सवय," आई म्हणायची, "मनात शिरायचं राहूनच गेलं." मावशी हसायची आणि ताट पुढे ओढायची.

तिच्याकडे एकदा एक बाई आली. वय साठीच्या आसपास, केस मात्र कमरेपर्यंत, दाट, आणि कपाळाच्या डाव्या बाजूला एकच पांढरी बट. उपचार पुढच्या आठवड्यात सुरू होणार होते. केस गळायच्या आधीच कापून घ्यायचे आणि त्यांचाच टोप करायचा, असं ठरवून ती आली होती. रडणं नाही, आरशात बघणं नाही. खुर्चीत बसली, वेणी पुढे घेतली आणि म्हणाली, "कापा एकदाची. आणि हे बघा, ती पांढरी बट आहे तशीच ठेवायची. नाहीतर घरी गेल्यावर आमचे हे विचारतील, कोण पाहिजे?"

तिचा नवरा म्हणजे कप्तान. हे टोपणनाव त्याला बंदरावरच्या हमालांनी दिलं होतं, तेही चेष्टेत. नोकरी सगळी बंदराच्या फाटकाजवळच्या वजनकाट्यावर गेली. मालाच्या गाड्या यायच्या, काट्यावर चढायच्या, हा आकडा सांगायचा. जहाजावर त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. साध्या होडीत बसलं तरी त्याच्या पोटात ढवळायचं. पण घरी त्याचं एक जहाज होतं. जुन्या काळातलं, तीन डोलकाठ्यांचं, दोन्ही अंगांनी तोफांच्या रांगा असलेलं लढाऊ जहाज. खरं जहाज कधीच समुद्राच्या तळाशी गेलेलं. त्याची लाकडी प्रतिकृती कप्तान वर्षानुवर्षं करत होता.

डोक्याचं माप घेताना बायका बोलतात, असा मावशीचा अनुभव होता. डोळ्याला डोळा भिडत नाही, मान स्थिर ठेवायची असते, मग तोंड सुटतं. ही बाईसुद्धा बोलली.

"सवत आहे ती माझी," ती म्हणाली. "नोकरी होती तेव्हा कामावरून आला की चपला काढल्या न काढल्या, सरळ तिच्याकडे. जेवायचं टेबल तिनं अडवलंय. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवते. मुलगा लहानाचा मोठा झाला, पण बापाची पाठच बघितली त्यानं."

"मग तुम्ही काही बोलत नाही?" मावशीनं विचारलं.

"बोलून दमले. आता शेजारी बसते दोरा धरून. त्याला वाटतं, मला आवड आहे." ती हसली. "दोरा धरला नाही तर त्याचं तोंड कधी बघणार? माझ्यानंतर आधी ते जहाज जाळा, असं सांगून ठेवणार आहे मी मुलाला."

मावशीही हसली. असल्या गोष्टी ती त्या खोलीतच सोडून यायची.

टोप पुरा झाला. त्या बाईनं तो दोनदाच घातला. एकदा परगावी मुलाकडे जाताना, आणि एकदा दवाखान्यात, नवे डॉक्टर येणार होते म्हणून. उन्हाळा संपायच्या आत ती गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी कप्तान टोपाची पेटी काखेत घेऊन मावशीचा जिना चढला. उंच, वाकलेला, इस्त्रीचा सदरा पण एक बटण चुकलेलं. पेटी टेबलावर ठेवताना त्याचे दोन्ही हात थरथरत होते. मावशीला वाटलं, दुःखानं. पण तो कंपवात होता.

"हा परत करायचा असतो का, मला माहीत नाही," तो म्हणाला.

"परत कसला? त्यांचेच केस आहेत. तुमच्याकडे ठेवा."

तो उठेना. मावशी गाठी मारत होती त्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, एवढी बारीक गाठ तुम्ही न बघता मारता?"

"बोटांना सवय झालीय."

"माझ्या बोटांची गेली," तो म्हणाला. आणि मग त्यानं आपलं काम सांगितलं. जहाजाचा सांगाडा झाला होता, तोफा बसल्या होत्या, डोलकाठ्या उभ्या होत्या. दोर राहिले होते. दोरांशिवाय जहाज म्हणजे नुसता लाकडाचा ठोकळा. त्याला ते आता जमणार नव्हतं.

मावशीनं आधी नाही म्हटलं. नंतर, एका रविवारी, नुसतं बघून येते म्हणाली आणि गेली. आईनं विचारलं, "काय गं, डोक्यांचा कंटाळा आला की काय?"

त्याच्या घरी बैठकीच्या खोलीत जेवायचं टेबल होतं आणि ते अख्खं जहाजानं व्यापलं होतं. भिंतीवर पिवळट पडलेला मोठा नकाशा, दोरांचे रंग वेगवेगळ्या शाईंनी दाखवलेले. कप्तानानं तिला खुर्ची दिली आणि समजावलं. डोलकाठ्या उभ्या धरून ठेवणारे दोर कायमचे, ते काळे. शिडं ओढायचे-सोडायचे दोर भुरे. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे काळे दोर, आणि त्यांना आडवे बांधलेले बारीक दोरे, त्या खलाशांच्या शिड्या. दर आडव्या दोऱ्यानं दर उभ्या दोराला विळखा घालून पुढे जायचं. एवढ्याशा जागेत शेकड्यांनी गाठी.

"ही गाठ तुमच्या टोपातल्यासारखीच आहे बघा," तो म्हणाला.

तशी ती नव्हती. टोपात गाठ घट्ट ओढायची असते. मावशीनं पहिली शिडी तशीच घट्ट बांधली, आणि दुपारी जरा लांबून बघितलं तर उभे दोर मधोमध आत ओढले गेले होते, कुणी कंबर आवळल्यासारखे. मावशीनं सगळं सोडवलं आणि पुन्हा सुरुवात केली. तिला राग आला होता, आणि त्या रागापायी ती पुढच्या रविवारीही गेली. मग जातच राहिली.

तो दोऱ्याला मेण लावून द्यायचा. थरथरत्या हातांनी तेवढं जमायचं. दोर ओवायच्या लाकडी कप्प्या, वाटाण्याहून लहान, त्या तो वाटीत निवडून ठेवायचा. बोलायचा ते बायकोबद्दल. "ती इथे बसायची, तुम्ही बसलाय तिथेच. दोरा ताणून धरायची. तासन्‌तास. तिचा जीव होता या जहाजावर."

मावशी मान खाली घालून गाठ मारायची.

पावसाळा गेला, थंडी सुरू झाली. पुढची आणि मधली डोलकाठी बांधून झाली तेव्हा एका रविवारी त्यानं टोपाची पेटी आणून टेबलाच्या कडेला ठेवली.

"एक मागणं आहे," तो म्हणाला. "अगदी टोकाला जे दोर आहेत ना, सगळ्यात वरचे, सगळ्यात बारीक. ते हिच्या केसांचे वळून द्याल? तिला आवडलं असतं."

मावशीच्या हातातला दोरा सुटला. "बघू," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी घरी तिनं आईला सगळं सांगितलं. तिच्या खोलीत ऐकलेलं तिनं घरी आणलं ते पहिल्यांदाच. आई भांडी पुसत होती.

"सांगू नकोस त्याला," आई म्हणाली.

"अगं ताई, पण तिला ते जहाज डोळ्यासमोर नको होतं. आणि हा तिचे केस त्यालाच बांधायला निघालाय."

"बांधू दे. ती बघायला येणार आहे का? मेलेल्या माणसाचे निरोप पोचवायला तू काय पोस्टमन लागून गेलीस? सांगून त्याचं काय भलं होणार आहे?"

मावशीला ते पटलं. निदान तसं ती म्हणाली. पुढचे काही रविवार ती टोपाचा विषय निघाला की दुसरंच काहीतरी काढायची. मागची डोलकाठी आधी होऊ दे. उजेड नीट नाही. तेवढे बारीक दोर वळायची फिरकी तुटलीय. कप्तान ऐकून घ्यायचा.

मग एका रविवारी ती त्याच्याकडे गेली तर दार उघडंच होतं आणि तो टेबलाशी बसून होता. मांडीवर टोप उलटा धरलेला, हातात कात्री. जाळीचा एक कोपरा त्यानं आधीच कापला होता. हात थरथरत होते आणि कात्रीचं टोक जाळीवर नुसतं टकटक करत होतं. "म्हटलं तुम्हाला किती त्रास द्यायचा," तो म्हणाला. "उसवून ठेवतो, वळायचं तेवढं तुम्ही करा."

मावशीनं पुढे होऊन टोप त्याच्या हातातून काढून घेतला. नंतर ती सांगायची, तिला तो टोप वाचवायचा होता, बस. महिनोन्‌महिने एकेक केस ओवलेला. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"त्यांना हे जहाज नको होतं," ती म्हणाली. "सवत म्हणायच्या त्या ह्याला."

कप्तानानं कात्री टेबलावर ठेवली. "तिनं तुम्हाला सांगितलं?"

"हो."

"कधी?"

"माप घेताना."

"रागानं सांगितलं की हसत?"

मावशीला वाटलं, हसत म्हटलं तर त्याला बरं वाटेल. आणि खरंही तेच होतं. "हसत," ती म्हणाली.

"मग खरं असणार," कप्तान म्हणाला. "खोटं बोलायची तेव्हा ती फार गंभीर व्हायची."

मग तो पुढे काही विचारील म्हणून मावशी उभी राहिली. त्यानं विचारलं, "आणखी काय म्हणाली?" मावशीनं मान हलवली. स्टुलाचं, मुलाचं, जाळायचं, ते तिनं सांगितलं नाही. पण त्यानं वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, आणि बघतच राहिला, तेव्हा तिला वाटलं की सांगायची गरजही उरली नाही.

"हा घेऊन जा," तो टोपाकडे बोट करून म्हणाला. "कुणाला उपयोगी पडला तर द्या."

आता तो बोलावणार नाही असं धरून मावशी पुढचा रविवार घरी राहिली. त्याच्या पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. "अर्धवट ठेवून तरी काय करू?" एवढंच म्हणाला. ती गेली. तो जेवत होता, स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून, स्टुलावर. त्यानंतर तो तिच्याजवळ बसेना. मेण लावलेले दोरे आणून टेबलावर ठेवायचा आणि आत निघून जायचा. मावशी एकटीच गाठी मारत बसायची. अधूनमधून आतून स्टूल नाही तर भांडं हलल्याचा आवाज यायचा, म्हणजे तो आहे असं कळायचं.

टोपाचा कापलेला कोपरा मावशीनं नीट केला आणि वाचनालयात काम करणाऱ्या एका बाईला तो दिला. तिचे केस भराभर गेले होते आणि नवा टोप विणून होईपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती. पांढरी बट काढू का, असं मावशीनं विचारलं होतं. ती म्हणाली, "राहू दे. हा खोटा आहे असं कुणाला वाटणारच नाही त्यानं."

आणि नेमकं नको तेच झालं. मावशीला दोर आधीच ओवून ठेवता यावेत म्हणून कप्तान एकदा निवडलेल्या कप्प्यांची वाटी द्यायला मावशीच्या खोलीवर आला होता. तो दाराजवळच्या खुर्चीत बसलेला असतानाच वाचनालयातली बाई टोप धुवायला घेऊन आली. घेऊन म्हणजे घालूनच. त्याच्याकडे पाठ करून ती आरशासमोर उभी राहिली आणि मावशीला दाखवू लागली की मागे केस कसे गुंतलेत.

मावशीनं त्याच्याकडे बघायचं टाळलं. आरशात तो तरीही दिसत होता.

तो उठला. त्या बाईला वाटलं, ह्यांना आधी जायचंय, म्हणून ती वळून म्हणाली, "तुमचं काम करून घ्या हवं तर."

"नाही नाही," कप्तान म्हणाला. "वाऱ्यात बांधून ठेवत जा. मोकळे सोडले की गुंततात ते. आणि खालून विंचरत वर यायचं. वरून ओढले तर तुटतात."

"तुम्ही पण हेच काम करता का?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मी वजनकाट्यावर होतो."

वाटी खुर्चीवरच राहिली. तो जिना उतरून गेला. दर पायरीवर थांबत उतरला, ते मावशीला वरून ऐकू येत होतं.

थंडी संपता संपता दोर पुरे झाले. सगळ्यात वरचे बारीक दोर मावशीनं साध्या दोऱ्याचे केले. शेवटची गाठ बसली तेव्हा तिनं हाक मारली. कप्तान दारात येऊन उभा राहिला. जहाज खरोखर देखणं झालं होतं. हलक्या बोटानं एक दोर दाबला तर लांबच्या डोलकाठीवरचा दोर हलायचा, इतकं सगळं एकमेकांवर तोललेलं. मावशीला वाटलं तो काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "चहा टाकतो."

पुढच्याच महिन्यात तो स्वयंपाकघरात पडला आणि मांडीचं हाड मोडलं. परगावाहून मुलगा आला. मुलगा वाईट नव्हता. दवाखान्यात बसला, औषधं आणली, आणि एकटं ठेवणं शक्य नाही म्हणून स्वतःच्या गावाजवळच्या एका वृद्धाश्रमात बापाला खोली घेतली. जहाज पण नेतो म्हणाला. बाबांचा जीव आहे त्याच्यावर.

सामान हलवलं त्या दिवशी मावशी हजर नव्हती. नंतर मुलानंच तिला फोनवर सांगितलं, अगदी सहज, "सगळं व्यवस्थित पोचलं. फक्त ते पुढे आलेलं लाकूड होतं ना, नाकासारखं, त्यानं गाडीचं दार लागेना. मग करवतीनं थोडं कापलं. बाकी कशाला हात लावला नाही."

मावशीनं फोन ठेवला आणि खाली बसली. आईनं विचारलं, काय झालं? जहाजाच्या तोंडाशी पुढे आलेला तो तिरका दांडा. पुढच्या डोलकाठीचे दोर त्यालाच बांधलेले. तो गेला की पुढची डोलकाठी मागे कलणार. ती कलली की मधलीचे दोर सैल, आणि मग मागचीचे. करवत एकदाच फिरली होती, पण आता सगळ्या जहाजावर एकही दोर ताठ राहिलेला नसणार.

ती बसनं भेटायला गेली, मेण, दोरा आणि आकडी पिशवीत घालून. खोली लहान होती. पलंग, कपाट, कपाटावर जहाज. दोर खरंच लोंबत होते, धुणं वाळत घातल्यासारखे. पुढचा दांडा बोटभर उरला होता. कप्तान उशांना टेकून बसला होता. बराच बारीक झाला होता.

"काठी नवी बसवते," मावशी म्हणाली. "सगळं पुन्हा ओढून घेता येईल. वेळ लागेल, पण येईल."

"कशाला?" तो म्हणाला.

"असं कसं ठेवायचं?"

"त्याला काही बोलू नका हं," तो म्हणाला. मुलाबद्दल. "त्यानं मनापासून आणलंय. मला विचारलं, बाबा, बरोबर बसलं ना कपाटावर? मी म्हटलं, अगदी बरोबर. लहानपणी त्याला हात लावू देत नव्हतो मी. ओरडायचो." थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "बोलू नका."

मावशी तरीही दर महिन्याला जायची. एखादा दोर घ्यायची, सोडवायची, ताणून बांधायची. पण पुढचा आधारच नसल्यानं एक ताठ केला की दुसरा सैल पडायचा, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कप्तान कधी जागा असायचा, कधी नाही. एकदा त्यानं तिला बायकोच्या नावानं हाक मारली आणि दोरा धरायला हात पुढे केला. तिनं दोऱ्याचं टोक त्याच्या बोटांत दिलं. त्याच्या हाताच्या थरथरीनं तो दोरा हलत राहिला. तिनं काही बांधलं नाही, नुसतं दुसरं टोक धरून बसली, नर्स जेवण घेऊन येईपर्यंत.

पुढच्या थंडीत तो झोपेत गेला. मुलाचा फोन आला तो सगळं उरकल्यावर. मावशी मुलाला काही बोलली नाही, पण दोन दिवस कामावर गेली नाही. जहाज आश्रमाच्या दर्शनी खोलीत ठेवलं होतं. ती एकदा जाऊन बघून आली. आजी-आजोबांना भेटायला आलेल्या पोरांनी काही तोफा काढून नेल्या होत्या. त्यानंतर ती त्या गावाला गेली नाही.

त्या दिवशी परत आल्यावर तिनं चपला काढल्या आणि थेट स्वयंपाकघरात आईसमोर येऊन उभी राहिली.

"ताई, कप्तानांना ते सांगायला नको होतं का गं मी?"

आईनं तिला तेव्हाच बजावलं होतं. मला वाटलं, आता बोलेल. पण आईनं गॅस बंद केला, ताट घेतलं आणि वाढायला लागली. "हात धू आधी," म्हणाली.

नंतरही काही वर्षं मावशी तोच प्रश्न मधूनच विचारायची, भाजी निवडताना, बसची वाट बघताना, कधी आईला, कधी मला. पुढे तिनं विचारायचं सोडलं.